महागाई पाव टक्का म्हणतात, मग आमच्या वहीत काय चुकलंय?

औसा_रोड

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा येडपट वाटंल पण खरंच विचारायलोय. १२ नोव्हेंबर २०२५ ला बातमी आली की ऑक्टोबरची किरकोळ महागाई ०.२५ टक्के, म्हंजे पाव टक्का, ही मालिका सुरू झाल्यापासून सगळ्यात कमी. मी जेवताना मोठ्यानं वाचलं तर माय म्हणली, कोणत्या गावातली रे ही महागाई, तिकडंच राहायला जाऊ. अण्णा काही बोलले नाहीत, हात धुतला आन् देवळीतली जुनी वही काढून माझ्यापुढं टाकली.

वहीत काय ते सांगतो. २०१२ ला दिवाळीच्या आधी आमचं सोयाबीन लातूरच्या मोंढ्यात ३०५० रुपये क्विंटलनी गेलं. त्या पाडव्याला सालगडी ५५ हजारावर ठरला होता, खुरपणीला बाईचा रोज १२० रुपये. यंदा सप्टेंबरच्या पावसातून जे वाचलं त्याची रास केली, चांगला माल ४०५० नी गेला आन् डागी त्याच्याहून बराच खाली. सालगडी १ लाख ३० हजार, तेबी त्याच्या घरी तीनदा जाऊन मिनतवारी केल्यावर. खुरपणी ३०० रुपये, त्यात बाया आणायला ऑटो आपलाच. धाकटी बहीण लातूरला नीटच्या क्लासला हाय, तिची फी, रूमभाडं आन् मेस ह्याचा आकडा इथं लिहीत नाही, माझंच पोट दुखतंय.

तर प्रश्न असा की १३ वर्षांत सालगडी दुपटीच्या पुढं, रोज अडीचपट आन् आमचा माल फक्त हजार रुपयांनी वाढला, तरी सरकार म्हणतंय महागाई पाव टक्का. हे मोजतात कसं? कोण मोजतंय, कुठं जाऊन मोजतंय? आन् ते पेपरात "वास्तव" किंमत, "स्थिर किमतीला" असं काय काय लिहितात ते काढायचं असंल तर अण्णाच्या वहीवरून काढता येतं का? राजकारण नको, हिशोब पायजे.

मोंढ्यातला_मुनीम

सोपं हाय भाऊ, जे तुमी विकता ते स्वस्त झालं म्हणून महागाई कमी झाली. तुमचं नुकसान म्हंजेच तो पाव टक्का 😀

चेष्टा सोडा, पण एक सांगतो. लोक म्हणतात तेल महाग आन् सोयाबीन स्वस्त हे कसं काय. सोयाबीनमधून तेल निघतं १८ टक्क्याच्या आसपास, बाकी सगळी पेंड. पेंडीला उठाव नाही कारण इथेनॉल कारखान्यातनं मक्या-तांदळाचा जो चोथा निघतो तो कोंबडी खाद्यवाल्यांना स्वस्तात पडायलाय. वरतून मे महिन्यात कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयातशुल्क २० वरून १० टक्क्यावर आणलं. म्हंजे गिऱ्हाइकाला तेल महाग ते महागच आन् तुमच्या मालाला भाव नाही, दोन्ही एकाच वेळी. पाव टक्क्यात ह्यातलं काय दिसतंय?

फिरतीवरचा

औसा रोड भाऊ, वही बी खरी आन् पाव टक्का बी खरा. मी नोकरीत असताना बरीच वर्षं भाव गोळा करत फिरलोय, आता रिटायर हाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

कोण मोजतंय तर केंद्राचं सांख्यिकी खातं. २०१२ पाया असलेल्या ह्या मालिकेसाठी देशात १,१८१ गावं आन् ३१० शहरांतले १,११४ बाजार ठरवलेले. माझ्या यादीत "तूरडाळ" एवढंच नसायचं, कोणत्या प्रतीची, सुटी का पाकीट, कोणत्या दुकानातली, हे सगळं ठरलेलं. दर महिन्याला त्याच दुकानात जायचं आन् तोच माल विचारायचा. एक किराणावाला मला बघितलं की म्हणायचा, आले बगा फुकटचे गिऱ्हाईक, दहा वर्षं झाली भाव विचारतंय, पावशेर गूळ घेतला नाही. पण तेच माल तेच दुकान हेच तर महत्त्वाचं, नाहीतर ह्या महिन्यात हलकी डाळ धरली आन् पुढच्या महिन्यात भारी, तर ती महागाई नाही, आपली चूक. वजनाचंही तसंच. पाच रुपयाचा बिस्किटपुडा पाचलाच राहतो पण आतली बिस्किटं कमी होतात, तवा भाव ग्रॅमवर काढायचा. शेतकऱ्याला हे पटकन कळतं, २०१८ ला युरियाचा कट्टा ५० चा ४५ किलो झाला तवा कट्टा मोजून हिशोब करणारे फसले आन् किलोवर करणारे नाही.

मग हे शेकडो भाव एकत्र करायचे तर प्रत्येकाला भार द्यावा लागतो, कारण मीठ दुप्पट झालं तर घर बुडत नाही, तेल दुप्पट झालं तर बुडतं. हा भार आला २०११-१२ च्या घरखर्चाच्या सर्वेक्षणातनं. गाव-शहर मिळून खाण्यापिण्याचा भार ४५.८६, निव्वळ गावाचा धरला तर ५४.१८. शिक्षणाचा ४.४६. सोन्याचा १.०८. आन् ह्या मालिकेत गावाच्या आकड्यात घरभाडं धरलेलंच नाही, कारण गावात घर आपलं असतं असं गृहीत. आता तुमच्या बहिणीचं बघा. भार लावलेल्या ह्या मालाच्या यादीला टोपली म्हणतात. घर गावातलं म्हणून तुमी गावाच्या टोपलीत, पण रूमभाडं आन् मेस लातुरात भरताय. शिक्षणाचा भार देशाच्या टोपलीत शंभरातले साडेचार रुपये, तुमच्या घरात ३०-४० असंल. ज्या गावातनं पोरं लातूर पॅटर्नला, म्हंजे लातूरच्या क्लासला परीक्षेची तयारी करायला येतात तिथल्या कुठल्याच घराची टोपली सरकारच्या टोपलीसारखी नाही. ह्याला खोटं नाही म्हणता येत, सरासरी म्हणतात, पण सरासरीत राहायला कुणी जात नाही एवढं खरं.

आन् हा भार जुना झालाय हे खात्याला बी माहितीय. २०२३-२४ च्या सर्वेक्षणात गावच्या खर्चात खाण्याचा वाटा ४७ टक्क्यावर आला, आधी ५३ च्या जवळ होता. जुन्या यादीत कॅसेट-सीडी अजून हाय बरं का, आन् मोबाईलच्या डेटावर आज घरोघरी जेवढा खर्च होतो त्याची तवा कुणाला कल्पना बी नव्हती. म्हणून फेब्रुवारी २०२६ पासून २०२४ पाया धरून नवी मालिका आणायचं ठरलं.

आता पाव टक्क्याचं. इथं सगळ्यांची गल्लत होते. टक्का म्हंजे वाढीचा दर, भावाची पातळी नाही. मांजरा धरणात आवक शून्यावर आली म्हंजे धरण रिकामं झालं का? धनेगावला जाऊन बगा, पाणी तेवढंच हाय, फक्त नवं येत नाही. महागाईचं तसंच, २०१२ ला जो निर्देशांक १०० धरला तो आज १९७ च्या आसपास हाय, त्यात गेल्या वर्षभरात पाव टक्काच भर पडली एवढाच त्या बातमीचा अर्थ.

त्यातबी एक गंमत हाय. गेल्या साली ऑक्टोबरला महागाई ६.२१ टक्के होती आन् भाजी वर्षात ४२ टक्के चढली होती. यंदा भाजी साडेसत्तावीस टक्के उतरली. म्हंजे दोन वर्षांमागं १०० ची भाजी गेल्या साली १४२ झाली आन् यंदा १०३ वर आली. दोन वर्षांत तीनच रुपये वाढ, पण पेपरात एकदा बोंब आन् एकदा दिवाळी. भाजीचा भार सहाच टक्के हाय, पण घसरण एवढी मोठी की तिनं आख्खा आकडा खाली ओढला. सोनं वर्षात पन्नास टक्क्याच्या वर वाढलं, त्यानं थोडा वर धरला. जीएसटी बी सप्टेंबरच्या २२ ला कमी झाला होता, आकडा उतरण्यात त्याचा बी हात.

तुमच्या सोयाबीनचं "वास्तव" काढायचं तर भागाकार करायचा, बाकी काही नाही. निर्देशांक १०० चा १९७ झाला म्हंजे १.९७ पट, तवा ४०५० ला १.९७ नी भागा, २०५५ येतंय. म्हंजे आजचे ४०५० रुपये २०१२ च्या २०५५ रुपयाएवढं सामान आणतात. किंवा उलटं, २०१२ च्या ३०५० ची बरोबरी करायला आज ६००० भाव पायजे होता.

औसा_रोड

काका हात जोडले. धरणाचं लगेच कळलं, मायला बी सांगितलं तर म्हणली मग भरलेलं धरण कधी उतरणार ते विचार.

म्हंजे आमचा तिसरा हिस्सा गेला. पण मग हमीभाव वाढायलाय म्हणतात ते काय हाय?

जय_किसान_७

हमीभाव सगळा दिखावा, सी-टू, म्हंजे जमिनीचं भाडं आन् व्याज धरून पूर्ण उत्पादन खर्च, अधिक पन्नास टक्के दिल्याशिवाय काहीच खरं नाही. अर्थतज्ज्ञ एसीत बसून आकडे करतात.

मोंढ्यातला_मुनीम

हमीभाव वाढलाय हो, कागदावर. २०१२-१३ ला पिवळ्या सोयाबीनचा २२४० होता, यंदा ५३२८. काकाच्या १.९७ नी भागला तर २७०० च्या वर येतोय, म्हंजे महागाई वजा जाऊन बी वाढ. फरक एवढाच की २०१२ ला औसा रोडवाल्यांनी हमीभावाच्या ८०० रुपये वर विकलं, यंदा जवळपास १३०० खाली. भाव तो जो सौद्यात निघतो.

बारावी_कॉमर्स

मी परभणीला ज्युनियर कॉलेजला अर्थशास्त्र शिकवते, धागा वाचून राहवलं नाही. जय किसान भाऊ, तुमचा मुद्दा उत्पादन खर्चाचा आहे, तो वेगळा आणि महत्त्वाचाही, पण औसा रोड यांनी विचारलंय ते पैशाच्या किमतीबद्दल, दोन्ही एकात घातलं तर दोन्ही हुकेल.

फिरतीवरचे सर, भागाकार बरोबर, पण कशानं भागायचं हा प्रश्न तुम्ही जरा पटकन ओलांडलात असं मला वाटतं. १.९७ ही देशातल्या सरासरी गिऱ्हाइकाची टोपली आहे, शेतकरी फक्त गिऱ्हाईक नसतो. सालगडी, खुरपणी, फवारणी, ट्रॅक्टरचं भाडं ह्यातलं काहीच त्या टोपलीत नाही. म्हणून मी वर्गात असं करते की रुपया बाजूलाच ठेवायचा आणि सोयाबीनमध्ये मोजायचं. २०१२ ला सालगड्याचे ५५ हजार भागिले ३०५०, म्हणजे १८ क्विंटल सोयाबीनमध्ये एक साल. यंदा १ लाख ३० हजार भागिले ४०५०, म्हणजे ३२ क्विंटल. आता कोणता निर्देशांक, कोणता पाया, काही भांडण नाही, सरळ दिसतंय की एका सालासाठी १४ क्विंटल जास्त घालावे लागतात. पुस्तकात ह्याला व्यापारशर्ती म्हणतात. केंद्राच्या कृषी खात्याकडेही शेती आणि बिगरशेती यांच्यातल्या व्यापारशर्तींचा निर्देशांक असतो, पण त्याची बातमी कुणी जेवताना वाचत नाही. अमेरिकेत तर शेतमालाच्या भावाची तुलना १९१०-१४ च्या काळाशी करायची पद्धत पडली, कारण शेतकऱ्याचं विकणं आणि घेणं तेव्हा बरोबरीत होतं असं त्यांनी धरलं.

अर्थात सालगड्याच्या घरून बघितलं तर हेच उलटं आहे, त्याचं वास्तव वेतन वाढलंय. ५५ हजारांचे १.९७ नी १ लाख ८ हजार होतात, त्याला १ लाख ३० मिळतात. एका घराची महागाई ती दुसऱ्या घराची कमाई, हे मी पोरांना सांगते तेव्हा निम्मा वर्ग शेतकऱ्यांचा असतो आणि निम्मा मजुरांचा, वर्गात एकदम शांतता होते.

"स्थिर किमतीला" म्हणजे काय तेही विचारलं होतं. समजा गेल्या साली १० क्विंटल झालं आणि ४६०० नी गेलं, ४६ हजार. यंदा १२ क्विंटल झालं पण ४२०० नी गेलं, ५० हजार ४००. चालू किमतीला वाढ साडेनऊ टक्के. स्थिर किमतीला मोजताना यंदाचे १२ क्विंटलसुद्धा जुन्याच ४६०० नी धरतात, ५५ हजार २००, म्हणजे वाढ २० टक्के. मग सरकार म्हणतं शेती २० टक्क्यांनी वाढली, आणि ते चूक नाही, कारण माल खरंच २० टक्के जास्त पिकला. जीडीपीत माल मोजतात हो, खिसा नाही. कालपरवा जुलै ते सप्टेंबर २०२५ चा आकडा आला, वास्तव वाढ ८.२ टक्के, चालू किमतीला ८.७. दोन्हीत अर्धा टक्काच अंतर, कारण भाव वाढलेच नाहीत फारसे. ज्याचा माल विकायला होता त्याला ते अंतर हातात जाणवतं.

टोपली जुनी धरायची का नवी हे भांडणही जुनंच आहे. लास्पेयर नावाच्या जर्मन माणसानं १८७१ ला जुनी टोपली धरली, पाशेनं १८७४ ला नवी. २०१५ ला तूरडाळ २०० रुपयांपर्यंत गेली तेव्हा घरोघरी काय झालं आठवा, वरणात मूग-मसूर आली. जुनी टोपली म्हणते तुम्ही अजून तेवढीच तूर खाताय, म्हणून महागाई जास्त दिसते. नवी टोपली म्हणते तुम्ही आता मूग खाता म्हणजे ठीकच आहे, म्हणून कमी दिसते. ठीक होतं का ते घरच्या बाईला विचारा. आपला निर्देशांक जुन्या टोपलीचा.

फिरतीवरचा

मॅडम, मान्य, कशानं भागायचं ते मी ओलांडलंच. पण तुमच्याही १८ क्विंटलमध्ये एक खोट हाय, आन् ती औसा रोडच्या वहीतच हाय. २०१२ हे साल कोणतं होतं? त्या उन्हाळ्यात अमेरिकेत मोठा दुष्काळ पडला आन् जगात सोयाबीन कधी नव्हे एवढं चढलं होतं. म्हंजे तुमी उंच टेकडीवर उभं राहून दरी मोजताय. ऑगस्ट २०२१ ला लातूरला १० हजाराच्या वर भाव निघाला होता, ते साल धरलं तर अण्णाचं आजचं सोयाबीन मातीमोल दिसंल. तीन-तीन वर्षांची सरासरी घ्या आन् मग भागा. तोटा दिसंलच, पण एवढा नाही दिसणार.

गोदाकाठ_नांदेड

ह्या धाग्यावर माझी एक शंका. आमच्या आजोबानं १९४५ च्या सुमारास चार एकर घेतलं त्याचा कागद घरात हाय, त्यावर किंमत "हाली ७०० रुपये". निजामाचा रुपया हाली आन् इंग्रजाचा कलदार, ७ हालीला ६ कलदार असा सरकारी भाव होता, म्हंजे ६०० कलदार. इथपर्यंत जमलं. त्याचे आजचे किती? चुलत्यानं सोन्यावरून काढलं तर एक आकडा, मी ज्वारीवरून काढला तर दुसराच, चांगला पाचसहापट फरक. खरा कोणता?

बारावी_कॉमर्स

दोन्ही खरे दादा. आजोबांनी जमिनीऐवजी सोनं घेऊन ठेवलं असतं तर आज काय असतं, हे विचारायचं असेल तर सोनं. त्या पैशात घर किती दिवस जेवलं असतं हे विचारायचं असेल तर ज्वारी. आणि त्यासाठी किती दिवस राबावं लागलं असतं हे विचारायचं असेल तर त्या वेळची मजुरी. ॲडम स्मिथनं १७७६ लाच लिहून ठेवलंय की शतकाशतकांची तुलना करायची तर चांदीपेक्षा धान्य बरं, आणि सगळ्यात खरं माप माणसाची मेहनत. आपल्याकडे तर त्याला विचारायला कुणी गेलं नव्हतं, सालगड्याचं साल अर्धं ज्वारीच्या पोत्यांत आणि अर्धं नगद ठरायचंच की. भाव चढो की पडो, त्याची भाकरी तेवढीच राहायची.

गोदाकाठ_नांदेड

हे बरोबर बोललात, आमच्याकडं ८०-८५ पर्यंत पोती होती, नंतर सालगडीच म्हणायला लागले सगळं नगद द्या. चुलत्याला दाखवतो हे, ऐकणार तर नाहीच.

औसा_रोड

काका, तीन वर्षांची सरासरी काढायला रात्री अण्णाच्या शेजारी वही घेऊन बसलो. २०११, १२, १३ एकीकडं, २३, २४, २५ दुसरीकडं. अर्ध्यात अण्णा म्हणले, थांब, तू दोन येगळे आकडे धरायलास. २०१२ चे ३०५० हे हातात आलेले हायेत, हमाली तोलाई आन् गाडीभाडं सगळं वजा जाऊन. यंदाचे ४०५० हे पट्टीवरचे, काही वजा न जाता. हातात किती आले ते त्यांनी मागच्या पानावर लिहिलंय, ओलाव्याची कट धरून ३७१० भरले.

तर पुन्यांदा पहिल्यापासनं मांडायलोय. मॅडम, तुमचे ३२ क्विंटल आता ३५ झाले. बहिणीच्या खर्चाचं पान अण्णानी अजून दिलं नाही, म्हणले ते तुझ्या मायजवळ हाय.